कुंदाला नापसंत व्हायचं होतं

मुलगी पाहायला पाहुणे आले की चहाचा ट्रे किती हलला पाहिजे, हे मला एका सोळा वर्षांच्या पोरीनं शिकवलं. मी तेव्हा पंचविशी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत शिक्षिका, आणि पाहुण्यांसमोर ट्रे नेण्याचा माझा अनुभव दांडगा. पण माझ्या हातातला ट्रे कधी हललाच नव्हता.

"तिथंच तं चुकते न ताई," कुंदा म्हणाली. "ट्रे जराबी नाही हालला, तं बाया म्हणतात पोरगी पक्की हाये, घर फोडन. लय हालला तं म्हणतात अंगात ताकद नाही. उंबरठ्यावर एकच आवाज याले पाह्यजे. टिण्. मंग पोराची माय म्हणते, घाबरली वं बिचारी. झाली पसंती."

तिनं आमच्या स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत चालून दाखवलं. उंबरठ्यावर बशीवर कप वाजला, टिण्. मी पोट धरून हसले. या पोरीला एवढं कसं माहीत, हा प्रश्न मला हसू ओसरल्यावर पडला, आणि पडला तो काही केल्या जाईना.

ही सत्तरीच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या महाल भागात आमचं लहानसं घर होतं. वडील गेल्यावर आई आणि मी मागच्या खोल्यांत राहायचो आणि पुढच्या दोन भाड्यानं द्यायचो. उन्हाळा सरता सरता कुंदाचं कुटुंब तिथं राहायला आलं. आई, बाप आणि ही एकुलती एक मुलगी. बाप धोतर-कोट घालायचा आणि बालाघाटकडचा रिटायर्ड हेडमास्तर म्हणून सांगायचा. गल्लीनं लगेच त्यांना 'गुरुजी' केलं. मी स्वतः शाळेत शिकवत होते, रोज हेडमास्तरीणबाईंची बोलणी खात होते, तरी मला एकदाही शंका आली नाही. आवाजच तसा होता त्यांचा. आईचा मुका झालेला रेडिओ त्यांनी बोलता केला, सकाळी तिला पेपर वाचून दाखवू लागले, आणि आईनं त्यांना देवमाणूस ठरवून टाकलं. कुंदाची आई मात्र अबोल. आपण बोलायला गेलो की हातातलं काम घेऊन आत जायची.

कुंदा त्या दोघांच्या मधली. सावळी, चणीनं बारीक, आणि नजर सतत दारावर. आमच्याकडे आली की दाराजवळच बसायची, चपला बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवायची. जेवायला बसली तर कुणी उठवायच्या आत संपवायचं असल्यागत जेवायची. "उद्या येशील का गं?" असं विचारलं तर "येईन" कधीच म्हणाली नाही, "पाहू" म्हणायची. आणखी एक गंमत होती. 'कुंदा' अशी हाक मारली की क्षणभर थांबून ओ द्यायची, पण गल्लीत कुणी 'लते' नाहीतर 'सुमे' म्हणून ओरडलं की मान आधी हिची वळायची. मला वाटलं, कानात दोष असेल. तेल घाल म्हणून सांगितलंही मी तिला.

एका दुपारी आई डाळ निवडत होती आणि कुंदा समोर बसली होती. म्हणाली, "काकू, कोणत्या डोळ्यानं रडू? डावा का उजवा?" आईनं थट्टेत डावा म्हटलं. कुंदा एकटक पाहत राहिली आणि तिच्या डाव्या डोळ्यातून खरोखरच पाणी ओघळलं. उजवा कोरडा ठणठणीत. आईच्या हातातलं सूप थांबलं.

"बंद कर वं पोरी, अपशकुन होते."

कुंदानं गाल पुसला आणि हसली.  "पण मले खरं रडू येते तवा कोठून येत असन, मलेच माहीत नाही," म्हणाली. मला त्या दिवशी तिची पहिल्यांदा भीती वाटली, आणि मायाही तेव्हाच जडली.

पुढच्या खोलीत भिंतीवर काचेच्या चौकटीत भरतकामाचा एक मोर लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला गुरुजी सांगायचे, "आमच्या कुंदाच्या हातचा." आईला भरतकामाचा नाद. तिनं एकदा सहज विचारलं, "पिसाऱ्यातली ही साखळी कशी घेतली वं?" कुंदानं वडिलांकडे पाहिलं. ते मंद हसत होते. "सांग न बेटा." ती म्हणाली, "इसरली." एवढा मोठा मोर भरून टाके विसरणारी पोर आईनं जन्मात पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी कुंदा स्वतःच आईकडे आली.

"काकू, तो मोर इतवारीच्या बाजारातून इकत आणलेला हाये. मले शिकवा. मले खरंच याले पाह्यजे."

शिकायला लागली ती हट्टानं. बोटांना सुया टोचून घ्यायची, उसवायची, पुन्हा घालायची. आईनं "चुकलं" म्हटलं की तिचा चेहरा खुलायचा. तोवरच्या आयुष्यात तिला कुणी खरोखर चुकू दिलं नसावं. रुमालावर ती एक पोपट भरत होती. तो फार दिवस एकाच पंखाचा होता.

पावसाळा संपला तशी पुढच्या खोलीत पाहुण्यांची ये-जा सुरू होणार असं गुरुजी आईला सांगू लागले. "पोरीचे हात पिवळे करून टाकतो, मंग सुटलो." त्याच सुमारास एका संध्याकाळी कुंदा मागच्या पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसली.

"ताई, तुम्हाले इतके लोक नापसंत करून गेले. कसं जमवलं?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी त्याची शाळाच घेतली असती. "जमवलं म्हणजे काय?" मी फणकारले.

"म्हंजे काय करा लागते? मले नापसंत होताच येत नाही."

आणि मग तिनं सांगितलं, खाली मान घालून, एका सुरात. आमच्याकडे विदर्भात लग्नाआधी साक्षगंध होतं. मुलाकडची माणसं येतात, मुलीला पाटावर बसवतात, साडी देतात, अंगावर दागिने घालतात. ते झालं की मुलगी त्यांची. कुंदाचं साक्षगंध झालेलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी गाव वेगळं, नाव वेगळं. अंगावर दागिने पडले की पाहुण्यांची पाठ वळताच हे तिघं गाव सोडायचे. गुरुजी कुठल्याच शाळेत कधी शिकवायला नव्हते.

मी विचारलं, "आणि ती माणसं?"

"तेच न जी." ती नखानं पायरी कोरत होती. "मांगच्या गावची एक म्हातारी मले म्हणे, तू घरात आली का मी काशीले जाईन. ती गेली असन का, असं येते मनात. पयले नव्हतं येत. आता रोजच येते."

मी उठलेच. सरळ पोलीस चौकीवर जाणार होते. मी तशी तापट, आणि आपल्याच घरात हे चाललंय म्हटल्यावर डोकं सटकलं होतं. कुंदानं माझा पदर धरला.

"माहा बाबा हाये जी तो."

"मग?"

"मले टायफाइड झाला होता. साक्षगंध होऊन गेलं होतं, गाव सोडाले पाह्यजे होतं. माय म्हणे, पोरीले दवाखान्यात ठेवा अन् चला. बाबा नाही गेला. लोक पाहत फिरत होते त्याले, तरी मले पाठीवर घेऊन दवाखान्यात गेला, तिथंच बसून राह्यला. पकडल्या जात होता माह्यासाठी. त्याले म्या पोलिसात देऊ?"

मी पुन्हा पायरीवर बसले. शेवटी आमचा करार झाला. ती प्रत्येक पाहुण्याला नापसंत होईल. ती नापसंत होतेय तोवर मी गप्प बसेन. कुणाला फसवायचं नाही आणि बापालाही धरून द्यायचं नाही, अशी ती वाट होती. मला ती तेव्हाही अरुंद वाटली होती, पण सोळा वर्षांच्या पोरीनं स्वतः शोधलेली होती.

नापसंत होण्याची शिकवणी मी घेतली. त्यात मला पदवीच होती म्हणा ना. मोठ्यानं हसायचं, मुलाला पगार विचारायचा, त्याची आत्या बोलत असताना खिडकीबाहेर बघायचं. पाय ओढत चालण्याची कल्पना कुंदाची. वर्ध्याकडचे पाहुणे आले, तेव्हा "सैपाक येते का?" या प्रश्नाला ती "खाता येते" म्हणाली आणि ते चहा अर्धा टाकून उठले. मग हिंगण्याला कारखान्यात असलेला एक मुलगा आला. त्याच्या इस्त्रीच्या पँटीवर कुंदानं अख्खा कप ओतला. मी दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होते.

त्या संध्याकाळी आमच्या आणि त्यांच्या खोलीमधल्या दारापाशी मी थबकले. पलीकडे गुरुजी रोजच्यासारखे कुंदाच्या डोक्याला तेल लावत होते. फटीतून दोघांची पाठ दिसत होती.

"कोणी शिकवून राह्यलं का बेटा तुले?" आवाज अगदी मऊ.

"नाही बाबा. हात हालते आजकाल."

"माह्या पोरीचा हात म्या सांगतल्याशिवाय कधीच नाही हालत." बोटं केसांतून फिरतच होती. "तुले काय वाटते, आपल्याले दुसरं कोण हाये? तू मले, अन् मी तुले."

 तिचे खांदे कानापर्यंत चढले होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला पाहून नेहमीसारखा हसून नमस्कार केला, आणि त्या नमस्कारानं माझी झोप उडाली.

मग अनसूयाबाई आल्या. नरखेड तालुक्यातल्या एका गावच्या, घरची संत्र्यांची बाग. नवरा शांत, मुलगा दिनकर त्याहून शांत, आणि ही बाई खणखणीत. कुंदानं त्या दिवशी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. पाय ओढत आली. ट्रे हलला नाही, सरळ हातातून सुटला. कपाचे तुकडे खोलीभर झाले. "मले सैपाक येत नाही, अन् शिकाचाबी नाही," तिनं न विचारताच सांगून टाकलं.

अनसूयाबाई उठल्या, लुगडं खोचलं आणि खाली बसून तिच्याबरोबर तुकडे वेचू लागल्या.

"फुटला तं फुटला. पाय ओढते तं काय झालं, आमच्या घरी मोटरसायकल हाये. मले पाहाले आले होते न, तवा मीबी अशीच वागली होती. मले लगनच नव्हतं कराचं." त्या नवऱ्याकडे बघून हसल्या. "गोड बोलणाऱ्या पोट्ट्या लय पाह्यल्या जी गुरुजी. हे खरी हाये. आमाले पसंत हाये."

दिनकरला बोलायचं काही सुचत नव्हतं. खिडकीत पडलेला रुमाल पाहून त्यानं विचारलं, "हे तुम्हीच करून राह्यले का?"

"हाव," कुंदा म्हणाली. आणि तिचा चेहरा असा झाला की मला तिथं उभं राहवेना. मोर विकत आणला होता, पण पोपट तिचा होता.

पंधरवड्यानंतरचं साक्षगंध ठरलं. मागच्या पायरीवर ती डोकं धरून बसली. "आता काय करू ताई? तिले मी कशीबी चालते." मी तिला स्पष्ट सांगितलं. तू पाटावरून उठायच्या आत बोलली नाहीस, तर मी बोलेन. माझा धीर संपला होता. ती म्हणाली, "तुम्ही नका बोलू. हे माहं हाये." मध्ये जेवढे दिवस गेले तेवढे ती आमच्याकडे आली नाही. बापाच्या मागे-मागे असायची, त्यांचं पान स्वतः वाढायची, धोतर स्वतः धुवायची. मला वाटलं, गेली पोर हातची.

साक्षगंधाच्या सकाळी नरखेडची मंडळी संत्र्यांच्या टोपल्या घेऊन उतरली. पुढची खोली माणसांनी भरली. गुरुजींनी नवा फेटा बांधला होता. आतल्या खोलीचं दार लोटून वर पडदा सोडला होता. लेकीच्या बापाच्या घरी पाहुणे आतल्या खोलीत जात नाहीत, यावर त्यांचा सगळा धंदा उभा होता. मी हळद-कुंकवाचं ताट घेऊन भिंतीशी उभी होते आणि ताट माझ्या हातात खरंच हलत होतं.

कुंदाची ओटी भरली. अनसूयाबाईंनी तिच्या गळ्यात पोत घातली, मग स्वतःच्या हातातले गोठ काढून तिच्या हातात चढवले. "माह्या सासूनं मले देल्ले होते," म्हणाल्या.

कुंदा पाटावरून उठली.

"आई, हे काढून घ्या."

बायका हसल्या. गुरुजीही हसले. "लाजते जी."

"लाजत नाही. आम्ही खोटे हाओत. नाव खोटं हाये, गाव खोटं हाये. तुम्ही गेले का आम्हीबी जातो. घेऊन घ्या, आई."

 मी गुरुजींकडे पाहिलं. त्या माणसानं एक क्षणही वाया घालवला नाही. फेटा काढून हातात घेतला, आणि डोळ्यांत पाणी आणून अनसूयाबाईंच्या नवऱ्यापुढे वाकला.

"पाव्हणे, म्या लपवलं, माफी करा. पोरीच्या डोक्याले मधूनमधून तरास होते. पाह्यलं न तुम्ही, पाय ओढते, कप फेकते, भलतंच बोलते. बापाचं मन हाये, कसं सांगू?"

सगळ्या माना हळहळीनं हलल्या. तिनं नापसंत व्हायला जे-जे केलं होतं, ते एका वाक्यात त्यांनी तिच्याच विरुद्ध उभं केलं. अनसूयाबाई तिच्या पाठीवर हात फिरवू लागल्या. "बस वं माय, बस. पाणी पे." मी तोंड उघडलं. कुंदानं माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

मग तिनं अनसूयाबाईंचा हात धरला आणि खोलीतून सरळ चालत गेली. पाय ओढला नाही. पडद्यापाशी पोचली तेव्हा गुरुजी ओरडले, "कुंदे!" तो आवाज हेडमास्तरांचा नव्हता. तिनं पडदा बाजूला केला आणि दार ढकललं.

आत गाद्या गुंडाळून दोरीनं बांधलेल्या होत्या. स्टोव्ह पोत्यात, भांडी पोत्यात, ट्रंकेला कुलूप. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा सोडून घेतलेली. भिंती उघड्या.

"लेकीच्या साक्षगंधाच्या दिवशी असं घर पाह्यलं का कधी?" कुंदानं विचारलं.

अनसूयाबाई त्या गाद्यांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुंदाच्या गळ्यातली पोत आणि हातातले आपले गोठ उतरवून घेतले. पुरुष गुरुजींवर धावले. दार गुरुजींच्या हाताच्या अंतरावर होतं. पळाले असते. पळाले नाहीत. लेकीकडे बघत उभे राहिले.

"पाय बरा झाला वाटते, बेटा," म्हणाले.

कुणीतरी त्यांच्यावर हात उगारला तशी कुंदा मध्ये घुसली. "हात नका लावू. पोलिसात द्या, पण हात नका लावू." त्या दिवशी ती रडली नाही.

चौकीवर कळलं की आणखी ठिकठिकाणच्या तक्रारी होत्याच. त्या सगळ्या बापावरच होत्या; गुरुजी आत गेले, मायलेकींना सोडलं. अनसूयाबाई दोन दिवसांनी एकट्याच एसटीनं परत आल्या आणि कुंदाला म्हणाल्या, सून नको होऊ, लेक म्हणून चल. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही. कुंदानं त्यांच्या पायाला हात लावला आणि नाही म्हणाली. "लोक म्हणतीन, हाबी डावच होता. अन् कधी कधी मलेबी तसंच वाटन."

तिची आई भावाकडे छिंदवाड्याला निघाली. ट्रंक उचलून दारात थांबली. "चालतेस?"

"बाबाचा डबा कोण देईन?"

"आत घालाले तूच, अन् डबा द्यालेबी तूच?"

"हाव," कुंदा म्हणाली.

तिच्या आईनं ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. मग गेली. कुंदा आमच्याकडे राहिली. आठवड्यातून एकदा, भेटीच्या दिवशी ती स्वयंपाक करायची. त्यात तिला काही गती नव्हती, ते एक खरंच होतं. डबा घेऊन जेलपर्यंत चालत जायची. गुरुजी भेटायला बाहेर येत नसत. डबा न उघडता परत यायचा. ती तो घरी आणून घासायची आणि पुढच्या भेटीच्या दिवशी पुन्हा भरायची. मी चिडायचे, "कशाला जातेस अपमान करून घ्यायला?" ती डबा घासत राहायची.

मी तिला शेवटची पाहिली ती कोर्टात. त्याच संध्याकाळच्या गाडीनं ती अमरावतीला एका शिवणशाळेच्या वसतिगृहात जायची होती. पुढे डबा नेणारं कुणी उरणार नव्हतं, हे तिला माहीत होतं आणि गुरुजींनाही. तिनं पिंजऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. वकिलानं तिला वेडी ठरवून पाहिलं, लबाड ठरवून पाहिलं. ती ढळली नाही.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

"माह्या बाबानं." मग ती न्यायाधीश साहेबांकडे वळली. "मले वाढवलंबी त्यायनंच, साहेब. माय टाकून जात होती तवा पाठीवर घेतलं. तेबी लिहा."

बाहेर आवारात निंबाच्या झाडाखाली गुरुजींना बसवलं होतं. हातकडीचं दुसरं टोक शिपायाच्या मनगटात. ते फार वाळले होते. कुंदा डबा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि झाकण काढलं. त्यांनी मान फिरवली. ती तशीच बसून राहिली. शिपाई म्हणाला, "चाल वं पोरी, गाडी येते आता." ती हलली नाही. मी दूर उभी होते आणि मनात म्हणत होते, खा रे माणसा, एवढं तरी खा.

"पाठीवर घेतल्याचं म्हणाली, ते लिहून घेतलं का साहेबानं?" गुरुजींनी मान फिरवलेलीच ठेवून विचारलं.

"नाही. म्हणे, केसमध्ये कामाचं नाही."

गुरुजींनी मान इकडे वळवली. मग त्यांनी हात पुढे केला आणि भाकरीचा तुकडा मोडला. हातकडीमुळे शिपायाचा हातही डब्याकडे ओढला गेला, आणि घास तोंडाकडे जाताना पुन्हा वर गेला. शिपाई कुरकुरला, पण जवळ सरकून बसला. कुंदानं डबा दोन्ही हातांनी उचलून बापाच्या तोंडाजवळ धरला, म्हणजे हात लांब न्यावा लागू नये. तो रिकामा होईपर्यंत ती तशीच धरून होती.